दोन पाइप, एक स्टार

वाईहून पसरणी घाट चढताना, साधारण अर्ध्यावर, गाडीच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. जानेवारी होता. मागच्या सीटवर आई शाल गुंडाळून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, “अगं, तो हीटर लाव ना.” हीटर लावलेलाच होता, तोही पूर्ण. आणि त्यातून गार हवा येत होती.

इंजिन उकळायला आलंय आणि हीटर गार आहे. बिघाडाचं सगळं उत्तर या एका वाक्यात होतं. ते वाचायला मला पाच आठवडे, वर्कशॉपच्या तीन खेपा आणि अकरा हजार रुपये लागले. उत्तर सापडल्यावर मी जे केलं, त्याची किंमत मात्र मी मोजली नाही. ती एका एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं मोजली. हा लेख त्या किमतीबद्दल आहे. पाइपांबद्दलही आहे, कारण पाइप समजून घेतल्याशिवाय ती किंमत कळत नाही.

घाटातल्या एका वळणावर जागा बघून गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे हात नेला, तेवढ्यात बाबांनी मनगट धरलं. “हात भाजून घ्यायचाय का?” बाबा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत आले. गाडीतलं त्यांना फार कळत नाही, पण प्रेशर कुकर कळतो. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं. झाकण उघडलं की दाब सुटतो, ते एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. पाऊण तास आम्ही माकडांकडे बघत बसलो. मग थंड टाकीत बाटलीतलं पाणी ओतलं आणि गाडी हळूहळू पाचगणीत नेली.

तीन खेपा

महिन्यापूर्वीच गाडीचा वॉटर पंप बदलून घेतला होता. दहा वर्षांची डिझेल गाडी. पंप गळत होता, टायमिंग बेल्टही बदलायला आलेला, म्हणून दोन्ही कामं एकदम केली. वर्कशॉप मोठं होतं. काचेची वेटिंग रूम, एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर हसऱ्या कुटुंबांचे फोटो. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

पहिल्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “एअर लॉक आहे, मॅडम. कॉमन प्रॉब्लेम.” कूलंट भरलं, गाडी धुऊन दिली. आठवड्यानं काटा परत वर. दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट बदलला, परत कूलंट भरलं, परत गाडी धुतली. गावात ठीक चालायची. कात्रजचा चढ लागला की काटा उठायचा. तिसऱ्या खेपेला अ‍ॅडव्हायझर गंभीर झाले. “हेड गॅस्केट असू शकतं. इंजिन खोलावं लागेल.” एस्टिमेट अडतीस हजारांचं. मी विचारलं, “पण हीटर गार का येतो?” ते बाबांकडे बघून म्हणाले, “सर, मॅडमना सांगा, हीटरचा याच्याशी संबंध नाही.”

हीटरचाच संबंध होता.

दुसऱ्या खेपेची एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. बॉनेट उघडं होतं. एक हेल्पर पोरगा, ग्रीसनं काळी झालेली बोटं, इंजिनच्या मागच्या बाजूला मान वाकडी करून बघत होता. तो म्हणाला, “सर, ते मागचे पाइप...” अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “तू तुझं काम कर.” पोरगा बाजूला झाला. मी तिथेच, हातभर अंतरावर, फोनवर रील बघत उभी होते.

नेमकं काय चुकलं होतं

गाडीचा हीटर म्हणजे विजेची शेगडी नव्हे. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. इंजिनचं तापलेलं कूलंट त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा फेकतो, ती गरम होऊन आपल्यापर्यंत येते. जळलेल्या डिझेलमधली ढोबळमानानं एक तृतीयांश उष्णता कूलंटलाच वाहून न्यावी लागते. हीटर त्यातली चिमूटभर उचलतो. म्हणूनच गाडी तापली तर हीटर पूर्ण लावा, असा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला असतो. तेवढीच उष्णता बाहेर पडते. तेव्हा इंजिन तापलेलं असताना हीटर गार असेल तर अर्थ एवढाच, की गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नाहीये. एक तर त्यात हवा अडकली आहे, किंवा वाट तुंबली आहे, किंवा वाटच चुकली आहे.

एका रविवारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले. आमच्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. त्यांना विचारून त्यांचं बॉनेट उघडलं, फोनचा टॉर्च लावला आणि प्रत्येक पाइप कुठून निघतो, कुठे जातो याचे फोटो काढले. मग आमच्या गाडीचे काढले. फोटो शेजारी शेजारी ठेवून, पानामागच्या पानावरचं ‘सहा फरक शोधा’ सोडवतात तसे बघत बसले. सहा फरक नव्हते. एकच होता.

इंजिनच्या मागच्या अंगाला दोन तोट्या जवळजवळ आहेत, दिसायला सारख्याच. एक निघते इंजिनच्या हेडमधून. तिथून गरम, दाबाखालचं कूलंट बाहेर पडतं आणि हीटरकडे जातं. दुसरी आहे एका लोखंडी नळीवर. ती नळी पंपाच्या तोंडाकडे जाते, म्हणजे जिथून पंप पाणी ओढतो तिकडे. कूलंटच्या टाकीच्या बुडातून येणारा पाइप या दुसऱ्या तोटीवर बसायचा असतो. पंपाच्या ओढीला टाकीतून कायम पाणी मिळत राहावं, तिथे दाब पडू नये, हवा शिरू नये, म्हणून.

आमच्या गाडीत हे दोन पाइप एकमेकांच्या जागी बसवलेले होते. हीटरचा पाइप ओढीच्या तोटीवर, टाकीचा पाइप हेडच्या तोटीवर.

परिणाम बघा. हीटरची परतीची वाट मुळातच ओढीकडे जाते. आता जायची वाटही ओढीकडेच लागली. दोन्ही टोकं एकाच दाबावर, मग पाणी फिरणार कशाला? हीटर गार. तिकडे टाकीत, जिथे पाण्यानं शांत राहून आपल्यातली हवा सोडायची, तिथे हेडमधलं उकळतं पाणी खालून ढुसण्या देत होतं. आणि पंपाला टाकीचा जो आधार हवा, तो तुटला. सपाट रस्त्यावर, कमी भारावर, हे सगळं कसंबसं निभायचं. घाटात इंजिनवर भार आला की पंप पाण्याबरोबर बुडबुडे गिळायचा आणि काटा उठायचा. थर्मोस्टॅट ठणठणीत होता, हेड गॅस्केटही. मात्र असंच आणखी काही महिने चालवलं असतं, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं असतं आणि वर्कशॉपचं अडतीस हजारांचं भाकीत खरं ठरलं असतं.

पाऊण तास, तीनशे रुपये

गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक जॅक, टायर आणि चहाचे ग्लास. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी गाडी दहा मिनिटं चालू ठेवली आणि हीटरच्या दोन्ही पाइपांवर हात ठेवून बघितला. नीट चालणाऱ्या हीटरचे दोन्ही पाइप गरम लागतात. एक गरम, एक गार असेल तर आत तुंबलंय किंवा हवा आहे. इथे इंजिन तापलेलं आणि दोन्ही पाइप गारच. “ताई, यात पाणी येतच नाही,” ते म्हणाले. गाडी थंड व्हायला सोडून ते दुसऱ्या कामाला लागले.

दोन तासांनी काम सुरू झालं. खाली पसरट घमेलं ठेवलं. कूलंट गटारात सोडायचं नसतं, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात. क्लिपा पकडीनं दाबून मागे सरकवल्या. पाइप ओढायच्या आधी थोडे पिळून सैल केले, कारण जुनं रबर नुसतं ओढलं तर फाटतं. दोन्ही पाइप अदलाबदल करून बसवले, क्लिपा जागेवर आणल्या. मग गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट सावकाश ओतलं. रंग बघून कूलंट घ्यायचं नसतं. हिरवा-लाल हा रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. पाइप हातानं दाबत राहिले, टाकीत बुडबुडे येत राहिले, पातळी उतरली की आणखी ओतलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो.

मी हीटरच्या जाळीपुढे तळहात धरला. पाच आठवड्यांनी गरम हवा आली.

मिस्त्रींनी तीनशे रुपये घेतले, कूलंटचे वेगळे. मी वर्कशॉपच्या नावानं बोटं मोडत होते, तेव्हा ते सहज म्हणाले, “मीपण एकदा असं केलंय. एका टेम्पोचे पाइप उलटे लावले. गिऱ्हाईक परत आलं, मी परत खोललं. पैसे नाही घेतले.” एवढंच बोलून ते हात पुसायला गेले. त्यांना हे म्हणता आलं, कारण तिथे मालक तेच होते. त्यांची चूक कबूल झाली म्हणून त्यांचा पगार कापायला कुणी नव्हतं.

एक स्टार

मी वर्कशॉपमध्ये फोटो घेऊन गेले. अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “असं होऊ शकत नाही, मॅडम. आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे.” मॅनेजर मीटिंगमध्ये होते. घरी आले आणि तुम्ही केलं असतं तेच केलं. एक स्टार दिला. चार फोटो, लाल बाण, ‘अडाणी लोकांच्या हातात गाडी देऊ नका’ अशी पहिली ओळ. छान झाली होती पोस्ट. लोकांनी उचलून धरली. इतके अंगठे मला कुठल्याच कवितेला मिळाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला, अतिशय नम्र. पैसे परत करतो म्हणाले. आणि मग, जणू मला खूश करणारी बातमी देताहेत अशा आवाजात, “मॅडम, ज्यानं ते काम केलं होतं त्याच्यावर कारवाई केली आहे. त्या हेल्परला काढून टाकलं. आता प्लीज तेवढा रिव्ह्यू...”

मान वाकडी करून बघणारा तो पोरगा. “सर, ते मागचे पाइप...” त्याला पुढे काय म्हणायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही. पाइप त्यानंच लावले होते की दुसऱ्या कुणी, हेही मला ठाऊक नाही. एवढं मात्र ठाऊक आहे, की त्या इमारतीत योग्य जागी बघणारा त्या दिवशी तोच एक होता आणि बाहेर गेला तोही तोच.

माझा राग खरा होता. त्याचा पत्ता चुकला होता. थोडक्यात, मीही पाइप उलटेच जोडले होते.

चूक कुणाची?

सांगायचं ते एवढंच आहे. एकसारख्या दोन तोट्यांवर एकसारखे दोन पाइप कधी ना कधी उलटे बसणारच. हे माणसाच्या हाताचं लक्षण आहे, अडाणीपणाचं नाही. ही चूक होणार हे धरून जो काम आखत नाही, ती झाल्यावर जो शोधत नाही आणि सापडल्यावर जो सर्वांत स्वस्त माणसाच्या गळ्यात बांधतो, तो खरा गुन्हेगार. तो गुन्हेगार एसीत बसतो, आणि त्याला आपण स्टार देऊन पोसतो.

जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्यानं १९६०च्या दशकात कारखान्यांतल्या चुका टाळणाऱ्या युक्त्यांना एक नाव रूढ केलं: पोका-योके, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. आधीचं नाव होतं बाका-योके, मूर्खापासून बचाव. ते का बदललं, याची हकिकत शिंगोनंच सांगितली आहे. १९६३च्या सुमारास मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डाव्या-उजव्या बाजूच्या भागांची अदलाबदल व्हायची. ती रोखणारी युक्ती बसवली आणि साहेबांनी तिचं नाव सांगितलं, तेव्हा एक कामगार बाई रडायला लागली. मी खरंच इतकी मूर्ख आहे का, असं तिनं विचारलं. त्यानंतर नावातून मूर्ख गेला. साठ वर्षांपूर्वी एका कारखान्याला जे कळलं, ते माझ्या पोस्टच्या पहिल्या ओळीला कळलं नव्हतं.

तुमच्या फोनमधलं सिमकार्ड बघा. त्याचा एक कोपरा कापलेला असतो, उलटं बसूच नये म्हणून. हॉस्पिटलमधल्या गॅसच्या छोट्या सिलिंडरांना प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी खाचा असतात, जेणेकरून ऑक्सिजनच्या जागी दुसरं सिलिंडर बसणारच नाही. डॉक्टर हुशार आहेत, मग खाचा कशाला, असं तिथे कुणी विचारत नाही. मग गाडीच्या दोन तोट्या वेगळ्या मापाच्या का नसाव्यात? निदान पाइपांवर रंगाचा एकेक पट्टा का नसावा? कारण तो पट्टा नसल्याची किंमत कंपनी मोजत नाही, वर्कशॉपही मोजत नाही. हेल्पर मोजतो.

आता वर्कशॉपकडे या. पंप बदलल्यावर काम बरोबर झालंय का हे तपासायला काय लागतं? गाडी पंखा लागेपर्यंत चालू ठेवायची आणि हीटरच्या जाळीपुढे हात धरायचा. वीस मिनिटं आणि एक तळहात. तीन खेपांमध्ये माझी गाडी तीन वेळा धुतली गेली, हा तळहात एकदाही धरला गेला नाही. कारण धुणं बिलात दिसतं, तळहात दिसत नाही. माझ्या पहिल्या बिलावर ‘इंटिरिअर सॅनिटायझेशन’ची वेगळी ओळ होती. ‘काम तपासलं’ अशी ओळ एकाही बिलावर नव्हती.

तिसरा वाटेकरी आणखी वर बसतो. कोणता पाइप कुठे जातो याची आकृती छापलेली असते. ती कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते आणि पुस्तिका कुलपात असते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय? सुटे भाग, बिघाड शोधायची साधनं आणि तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. हे सगळं खुलं करा, असाही आदेश होता. कंपन्या कोर्टात गेल्या. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही निघालं, आणि त्याच्या चार क्षेत्रांमध्ये मोटारी आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला होता. इथे माझ्या गल्लीतल्या मिस्त्रींना आकृती कुठून मिळाली? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बॉनेटखालून.

आणि आपण

चौथे वाटेकरी आपण. इथे जरा खुर्ची सरकवून बसा.

आपल्याला गाडीतलं काही कळत नाही, हे आपण किती लाडानं सांगतो! ‘बाबा, मला त्यातलं काही विचारू नका,’ असं म्हणताना आवाजात कमीपणा नसतो, थोडा तोराच असतो. कवितेतलं कळत नाही म्हणताना तो तोरा नसतो. या तोऱ्याला इतिहास आहे. ज्यांनी पोथी धरली त्यांनी हत्यार धरलं नाही, आणि ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांना पोथी शिवू दिली नाही. जातीनं आखलेली ती रेघ वर्कशॉपात आज काचेच्या भिंतीच्या रूपात उभी आहे. अलीकडे बोलणारे, पलीकडे करणारे. करणाऱ्यानं बोलायला तोंड उघडलं की ऐकू येतं, “तू तुझं काम कर.”

साहित्याच्या वेबपत्रिकेत पाइपांचा लेख कशाला, असं वाटलं असेल तर एक आठवण करून देते. १९२० साली किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक होतं ते. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत कथा, विचार, वादविवाद घेऊन गेलं. मराठी नियतकालिकांची एक मोठी वाट लोखंडाच्या भट्टीपासून निघाली आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून गावातल्या मुलांना हातानं काम करत करत शिकवून दाखवलं. म्हणजे वाट आहे. आपणच तिच्यावरून जायचं सोडलं.

आणि मग उरतो तारा. एका बोटाचा निवाडा. त्यात ‘का’ला जागा नसते. वर्कशॉपच्या मालकाला आपला एक स्टार दिसतो, तेव्हा तो काम बदलत नाही, बळी शोधतो. तो सर्वांत लवकर सापडतो सर्वांत खालच्या पायरीवर. आपल्याला वाटतं, आपण बड्या धंद्याला धडा शिकवला. धडा वाटेत कुणीतरी खाली सरकवलेला असतो.

‘मग काय, आरती ओवाळायची?’

असं एका मित्रानं मला विचारलं. ब्रेकचा पाइप उलटा लागला असता तर? घाटात तुझे आईबाप होते ना?

होते. म्हणूनच म्हणते. माफ करा, सोडून द्या, असं मी म्हणतच नाहीये. नुकसानभरपाई घ्या, पै न् पै घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द आहे. तक्रार सेवा देणाऱ्या आस्थापनेविरुद्ध होते. बिल ज्यानं घेतलं, त्यानं भरावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्या वाटेनं जा. ती स्टारपेक्षा लांबची आहे आणि त्यावर अंगठे मिळत नाहीत, पण ती योग्य दारापर्यंत जाते.

आणि सुरक्षिततेचंच म्हणाल, तर चूक सांगणाऱ्याला शिक्षा करणं ही सर्वांत असुरक्षित गोष्ट आहे. विमानवाल्यांना हे केव्हाच कळलं. अमेरिकेत १९७६पासून ‘नासा’ एक व्यवस्था चालवते. वैमानिक, तंत्रज्ञ, कुणीही आपल्या हातून झालेली किंवा होता होता वाचलेली चूक तिथे कळवतो आणि त्याचं नाव गुप्त राहतं. कारण हिशेब सरळ आहे: शिक्षेच्या भीतीनं चुका थांबत नाहीत, फक्त त्यांच्या बातम्या थांबतात. त्या वर्कशॉपमधल्या बाकीच्या पोरांनी या प्रकरणातून काय शिकलं असेल? पाइप नीट बघायला? नाही. ते शिकले, की मागचे पाइप दिसले तरी तोंड उघडायचं नाही. पुढची गाडी तुमची असेल, आणि त्या वेळी कदाचित खरंच ब्रेकचा पाइप असेल.

मी ती पोस्ट काढली नाही. बदलली. ‘अडाणी’ ही ओळ खोडली. चूक काय होती, ती कशी तपासता आली असती, कुणी तपासली नाही, आणि कुणाला काढलं ते लिहिलं. मॅनेजरना मेल करून कळवलं, की मला पैसे नकोत, त्या मुलाला परत घ्या. उत्तर आलं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पोरगा कुठे आहे विचारलं, तर कुणी सांगेना. नव्या रिव्ह्यूला सात अंगठे आहेत. त्यातला एक बाबांचा.

तर आता तुमच्याकडे मागणं. आज खाली उतरा. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि दहा फोटो काढा, प्रत्येक पाइप दोन्ही टोकांसकट. तुमची गाडी नसेल तर घरच्यांची, नाहीतर शेजाऱ्यांची, त्यांना विचारून. काही कळलं नाही तरी चालेल. फोन तुमच्या हातात आहेच. एवीतेवी तुम्ही हा लेख त्यावरच वाचताय. पुढच्या वेळी गाडी कामाला द्याल तेव्हा काचेच्या अलीकडे थांबू नका. पलीकडे जा. जो माणूस प्रत्यक्ष हात घालणार आहे त्याचं नाव विचारा, आणि ते फोटो त्याच्या फोनवर पाठवा. काम झाल्यावर त्याच्याबरोबर उभं राहून पंखा लागेपर्यंत थांबा, हीटरपुढे तळहात धरा. तो काही सांगायला लागला, तर फोन खिशात ठेवा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.